जाऊबाईंनी न दिलेली सूचना

आम्ही दोघी गच्चीत उन्हाकडे पाठ करून मटार सोलत बसलो होतो, तेव्हा खालच्या रस्त्यावरून जाऊबाईंचा आवाज आला. जाऊबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या, पण त्यात नवल काही नव्हतं. वॉर्ड ऑफिसची भोंग्याची गाडी आमच्या भागात फिरते, तिच्यातून गेली कित्येक वर्षं त्यांचाच आवाज वाजतो.

"रहिवासी मंडळी, लक्ष द्या. उद्या सकाळी सुका पाला उचलणारी गाडी शिंपी गल्लीत येईल. पाला पोत्यात भरून दाराबाहेर ठेवा. पाला जाळू नका. शिंपी गल्ली, उद्या सकाळी."

जाऊबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"हे मी कधी बोलले गं?"

"मागच्या वेळी बोलला असाल."

"मागच्या वेळी टाकी धुण्याचं बोलले. आणि वाचनालयाच्या वेळा. पाल्याचं नाही."

"मग त्याच्या मागच्या वेळी."

"तेव्हा पाला पडायलाही लागला नव्हता, धाकटे."

मी हसून म्हटलं, "वहिनी, तुम्ही दिवसभर इतकं बोलता, की ते लक्षात ठेवायला एक बाई लावावी लागेल." एरवी यावर मला सणसणीत उत्तर मिळालं असतं. त्या नुसत्या सोलत राहिल्या. थोड्या वेळानं बघते तर दाणे सालांच्या ढिगात आणि सालं पातेल्यात. मी ते मुकाट्यानं निवडून घेतलं.

आता जाऊबाई कोण ते सांगायला हवं. माझ्या थोरल्या दिरांची बायको. दीर जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा लांबच्या शहरात असतो. आमची दारं एकाच मजल्यावर समोरासमोर आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून या बाईंनी मला एक दिवस सूचनेशिवाय जाऊ दिला नाही. कणीक किती सैल, पडदे किती लांब, नवऱ्याशी किती बोलायचं, सगळ्यावर यांचं मत तयार. मीही काही गरीब गाय नाही. आमच्या जुगलबंदीवर आख्ख्या जिन्याची करमणूक होत असे.

त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. निवृत्त झाल्या आणि घरात बसून माझ्या डोक्यावर मिरे वाटायला लागल्या. मग एकदा वॉर्ड ऑफिसात रहिवाशांची सभा होती. त्या वेळी भोंग्यातून जो गृहस्थ बोलायचा तो तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखा बोलायचा. पाणी बंद आहे की पाणी सोडणार आहे, कुणाला पत्ता लागत नसे. जाऊबाई उभ्या राहिल्या आणि तिथल्या तिथे साहेबांची खरडपट्टी काढली. साहेबही बेरकी. म्हणाले, "मग बाई, तुम्हीच बोला." या म्हणाल्या, "बोलेन की." मी मागच्या खुर्चीत बसून मनातल्या मनात हात जोडले. आता निदान आठवड्यातला एक दिवस तरी त्यांचं तोंड दुसरीकडे वळणार होतं.

कसलं काय! त्या दिवशी तर माझी जास्तच धावपळ व्हायची. गाडी चालवणारा, ज्याला सगळे भोंगेवाला म्हणतात, तो कागद आणि रेकॉर्डिंगचं छोटं यंत्र घेऊन त्यांच्याकडे यायचा. जाऊबाई कपड्यांच्या कपाटाचं दार उघडून, आतल्या रजयांत डोकं घालून बोलायच्या. आवाज घुमत नाही म्हणे. त्या वेळी पंखा बंद, कुकर बंद, आमच्या ह्यांचं खोकणं बंद. मी जिन्यात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंडावर बोट ठेवून दटावायची. एकदा मला सर्दी झाली होती. त्या फांद्या छाटण्याबद्दल बोलत असताना माझी शिंक नेमकी यंत्रात गेली. भोंगेवाल्यानं ती तशीच वाजवली. नंतर कितीतरी दिवस दूधवाला, इस्त्रीवाला, केमिस्ट, जो तो विचारायचा, "सर्दी बरी आहे का?"

पण काम म्हणून त्यांनी ते चोख केलं, हे मला कबूल करायला हवं. ऑफिसचा कागद "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की" असा सुरू व्हायचा. त्या तो बाजूला ठेवायच्या आणि साध्या भाषेत बोलायच्या. त्यांचं म्हणणं, गाडी चालती असते. माणूस खिडकीशी येईपर्यंत निम्मं वाक्य पुढे गेलेलं असतं. म्हणून प्रत्येक वाक्य तोकडं आणि आपल्यापुरतं पुरं हवं, आणि गल्ली आणि दिवस शेवटी परत सांगायचा. त्यांचं प्रत्येक वाक्य एकाच पट्टीत सुरू होऊन एकाच पट्टीत संपायचं. लोक त्यांना सूचनाबाई म्हणायला लागले. पाणी, पाला, कुत्र्यांना टोचायची सुई, डोळे तपासायचं शिबिर, कुणाचं पाकीट सापडलं, कुणाची आजी हरवली, सगळं या भागाला त्यांच्या तोंडून कळत आलं.

तर त्या मटाराच्या दिवसानंतर असं व्हायला लागलं, की गाडी आली की जाऊबाई हातातलं काम टाकून खिडकीशी जायच्या. पूर्वी त्या मान तिरकी करून आपला आवाज ऐकायच्या, गवई आपली तान ऐकतो तशा. आता चेहरा परीक्षेच्या निकालाला उभं राहिल्यासारखा.

थंडी ओसरत आली होती. सकाळी शाल लागायची आणि दुपारी नकोशी व्हायची. उन्हाळ्याआधी पाण्याचे पाइप बदलायचं काम दर वर्षी याच दिवसांत निघतं. जाऊबाई त्याची सूचना बोलून बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "बुधवारी पाणी नाही. भरून ठेव." मी भरून ठेवलं. पिंप, बादल्या, पातेली, डबे, घरात पाय ठेवायला जागा नाही. बुधवार उजाडला आणि नळाला असं धो धो पाणी, की तसं वर्षात कधी आलं नव्हतं. जिन्यातली मंडळी हसायला लागली. "सूचनाबाईंनाच सूचना कळली नाही!" कारण भोंग्यातून सगळ्यांनी शुक्रवार ऐकला होता. जाऊबाईंच्याच आवाजात. आणि शुक्रवारी खरंच पाणी आलं नाही.

"मी बुधवार म्हटलं होतं," जाऊबाई म्हणाल्या.

"तुम्ही मला बुधवार सांगितलं. भोंग्यात शुक्रवार म्हटलं असेल."

"मी बुधवार म्हटलं. तू जिन्यात होतीस ना? तू काय ऐकलंस?"

इथेच घोडं पेंड खात होतं. मला आधी वाटलं, मीही बुधवारच ऐकला. मग वाटलं, त्यांनी नंतर मला बुधवार सांगितला म्हणून मला तसं वाटतंय. मग वाटलं, मी काही ऐकलंच नाही, त्या वेळी मी वरच्या मजल्यावरच्या बाईंशी खुणांनी भांडत होते. मी जितका विचार करावा तितका गुंता वाढत गेला. शेवटी मी म्हटलं, "मला काही आठवत नाही." जाऊबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मी त्यांच्या तोंडात मारली असती तरी त्यांना इतकं लागलं नसतं.

आमच्या ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "वय झालं वहिनींचं. होतं असं." मी म्हटलं, "वय तुमचंही झालंय, पण जेवणाची वेळ बरी लक्षात राहते तुमच्या." राग ह्यांच्यावर नव्हता. पण कुणावर काढायचा ते कळत नव्हतं, म्हणून समोर असेल त्याच्यावर निघायचा.

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात गेले, तर प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. साखर, मीठ, रवा. स्वतः ओट्याशी उभ्या राहून एकोणतीसचा पाढा म्हणत होत्या. मला बघून थांबल्या.

"सगळा येतोय," म्हणाल्या. "अडले नाही कुठे."

"एकोणतीसचा मला कधीच येत नव्हता," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी आजवर मला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्यांच्या आईचं शेवटी डोकं गेलं होतं. माहेरी भेटायला गेल्या, तर आईनं दारात उभं करून विचारलं, "बाई, तुमचं काम काय?"

"त्याचं मला इतकं दुःख नाही," जाऊबाई म्हणाल्या. "दुःख कशाचं, तर सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. भावांना, भावजयांना. फक्त आईला कुणी सांगितलं नाही. तिच्यासमोर गोड बोलायचे, पाठ वळली की डोळ्यांनी खुणा. ती जिवंत असताना घरातून वजा झाली होती. तिला काहीतरी जाणवत होतं गं. ती सारखी विचारायची, माझं काही चुकतंय का? आणि सगळे म्हणायचे, छे, छे."

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"मी तशी व्हायला लागले, तर तू मला सांगायचं. तुझी जीभ तशी धारदार आहे, तिचा एकदा तरी उपयोग होऊ दे. मला छे-छे नको. कबूल?"

मी कबूल म्हटलं. आणि मग बाहेर येऊन स्वतःशीच म्हणाले, यांना काही झालेलं नाही. शब्द विसरणं वेगळं आणि न बोललेले शब्द भोंग्यातून ऐकू येणं वेगळं. मग मला वाटलं, पण ते तर मलाही ऐकू येतात. मग डोकं कुणाचं गेलंय? त्यांचं, माझं, की सगळ्या गल्लीचं? मी त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ घातलं.

असे दिवस चालले होते. जाऊबाई बाहेर जाईनाशा झाल्या. कुणी "सूचनाबाई" म्हणून हाक मारली, तर दचकायच्या. मुलाचा फोन आला की मला डोळ्यांनी बजावायच्या, याला काही सांगायचं नाही. भोंगेवाला कागद घेऊन यायचा, त्या बोलायच्या, तो खाली मान घालून जायचा. आणि गाडीतून यायचं ते काही भलतंच. भलतं म्हणजे बरोबर. तेच तर कोडं होतं. जाऊबाईंना आठवायचं ते चूक निघायचं आणि भोंगा म्हणायचा ते खरं व्हायचं.

मग एके सकाळी मी एकटीच गॅलरीत चादरी झटकत होते आणि गाडी आली.

"रहिवासी मंडळी, लक्ष द्या. सोमवारपासून दवाखान्याच्या गल्लीत झाडांच्या फांद्या छाटतील. सायकली आणि गाड्या झाडाखाली लावू नका."

आणि लगेच, खणखणीत, माझी शिंक.

माझ्या हातातली चादर खालच्या मजल्यावर पडली. अशी शिंक या भागात दुसऱ्या कुणाची नाही, हे दूधवालासुद्धा सांगेल. आणि या हिवाळ्यात मला साधं पडसं झालेलं नव्हतं! म्हणजे ही सूचना आजची नव्हती. ही ती जुनी सूचना होती, सर्दीच्या वेळची. पण दवाखान्याची गल्ली? त्या वेळी फांद्या आमच्या, टाकीमागच्या गल्लीत छाटल्या होत्या. मला चांगलं आठवतं, आमच्या खिडकीवर आलेली फांदी गेली म्हणून मी भांडले होते.

मी पायात चपला अडकवल्या आणि गाडीमागे धावले. या वयात, केस मोकळे, हातात उशीचा अभ्रा. लोक बघत होते, मला पर्वा नव्हती. भोंगेवाल्यानं मला आरशात पाहिलं असणार, कारण गाडीचा वेग वाढला. पण सकाळी वॉर्ड ऑफिसच्या तोंडाशी भाजीच्या गाड्यांची गर्दी असते. तिथे तो अडकला. मी दार उघडून त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

"माझी शिंक कुठून आणलीस?"

त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून तोंडावर ठेवले. "कापायची राहिली," म्हणाला. "घाई झाली, धाकट्या बाई."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जाऊबाईंची आजवरची सगळी रेकॉर्डिंग त्याच्याकडे साठवलेली होती. त्यांचं प्रत्येक वाक्य सुटं, एका पट्टीतलं. एकीकडून "शुक्रवारी" घ्यायचं, दुसरीकडून "पाणी येणार नाही", तिसरीकडून गल्लीचं नाव. जोड कळूनसुद्धा येत नाही. थंडी सुरू झाल्यापासून तो हेच करत होता.

मला इतका आनंद झाला आणि इतका संताप आला, की दोन्ही एकदम तोंडातून निघाले. "म्हणजे वहिनी ठीक आहेत! अरे गाढवा, त्या बाई डब्यांवर चिठ्ठ्या लावत बसल्यात! पाढे म्हणतायत! आणि तू इथे कापाकापी करतोस? कामचोर कुठला! नवीन वाजवायला काय झालं होतं तुला?"

त्यानं गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, काच वर केली. मग यंत्राचं बटण दाबलं.

गाडीत जाऊबाईंचा आवाज आला. तोच, स्वच्छ. "रहिवासी मंडळी, लक्ष द्या. बुधवारी पाइप बदलायचं काम आहे. बुधवारी पाणी येणार नाही."

"कागदावर शुक्रवार होता," भोंगेवाला म्हणाला.

"गिरणीच्या गल्लीतल्या लोकांनी आदल्या दिवशी पाणी भरून ठेवावं. गिरणीची गल्ली, बुधवारी."

गिरणीची गल्ली आमच्या भागात नाही. मला ती माहीत होती. जाऊबाईंचं माहेर गिरणीच्या गल्लीत होतं.

मग थोडा वेळ नुसती खरखर. मग तोच आवाज, पण लहान झालेला. "धाकटी कुठे गेली? ... तुम्ही कोण? तुम्ही आमच्या घरात काय करताय?"

आणि भोंगेवाल्याचा आवाज, "बाई, मी. भोंगेवाला."

त्यानं बटण बंद केलं. "लगेच ओळखलं मला," म्हणाला. "चहासुद्धा दिला. असं तीन-चार वेळा झालं. मधे अगदी व्यवस्थित असतात. साहेबांना कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी बंद केलं असतं बाईंना. म्हणून मी आपलं जुळवून लावलं. बाईंना कळणार नाही असं वाटलं."

मी त्या गाडीत बसून रडले. भोंगेवाल्याचा राग आला, त्याची दयाही आली. तो त्यांना सांभाळायला गेला आणि त्याच्या त्या सांभाळण्यानंच त्या घाबरल्या. ज्याला त्या पुरावा समजत होत्या तो खोटा होता. आणि ज्याची त्यांना भीती होती ते खरं होतं. हे मी कुणाला कसं समजावून सांगणार होते? मलाच नीट समजत नव्हतं.

घरी आले. जाऊबाई माझ्याच दारात उभ्या होत्या, हातात पडलेली चादर. "वेडी झालीस का? गाडीमागे कुठे पळत होतीस?"

आणि मी निम्मंच सांगितलं. शिंक, जुनी वाक्यं, कापाकापी. सांगता सांगता त्यांचा चेहरा असा खुलत गेला, की पुढचं मी सांगितलंच नाही. त्या आधी अवाक झाल्या, मग हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "तुझ्या शिंकेनं वाचवलं गं मला!" घरात जाऊन त्यांनी डब्यांवरच्या चिठ्ठ्या फाडून टाकल्या. दुपारी माझ्याकडे पोटभर जेवल्या, आणि आमटी पातळ झाली म्हणून मला ऐकवलं. मी ऐकून घेतलं. माझं ऐकून घेणं त्यांना विचित्र वाटलं असणार, पण त्या खुशीत होत्या.

मी स्वतःला म्हटलं, उद्या सांगू. मग म्हटलं, आज तरी सुखानं झोपू दे त्यांना. मग म्हटलं, सांगायलाच हवं का? आणि मग मला कळलं, की मी छे-छे करायला लागले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगेवाला कागद घेऊन आला. जाऊबाई त्याची वाटच बघत होत्या. त्यांनी त्याला खुर्चीत बसवून असा झोडपला, की मला कालचं माझं बोलणं सौम्य वाटलं. "मी जिवंत आहे अजून! माझा आवाज शिळा वाजवतोस? लोकांना काय..." आणि बोलता बोलता त्या थांबल्या. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलेलं. अर्ध्या वाक्यावरून पुढचं ओळखायची सवय.

"पण का?" त्यांनी विचारलं. आवाज एकदम खाली आला. "नवीन होतं ना तुझ्याकडे. ताजं. ते टाकून तू जुनं जोडत बसलास. इतकी मेहनत कशासाठी?"

भोंगेवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांची खूण. जाऊबाईंनी ती पाहिली.

"धाकटे," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या समोर बसले आणि सांगितलं. बुधवार सांगितला, गिरणीची गल्ली सांगितली, "तुम्ही कोण" तेही सांगितलं. गोड करून सांगितलं नाही. मला ते आलंही नसतं. सांगताना माझा आवाज चिरकत होता आणि मी त्यांचा हात धरला होता. तो त्यांनी काढून घेतला नाही.

"ऐकव," त्या भोंगेवाल्याला म्हणाल्या.

"नको, बाई."

"ऐकव म्हणते ना."

त्यांनी सगळं ऐकलं. मान तिरकी करून, पूर्वीसारखी. "तुम्ही कोण" आलं तेव्हा डोळे मिटले. खाली कुणीतरी पाला झाडत होतं, त्याचा खराट्याचा आवाज येत होता.

"आवाज मात्र चांगला लागलाय," जाऊबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला भीती वाटते गं." इतकी वर्षं शेजारी राहून हे वाक्य मी त्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकलं.

"मलापण," मी म्हटलं.

त्या दिवशी त्यांनी ऑफिसचा कागद वाचला नाही. भोंगेवाल्याला म्हणाल्या, साहेबांना खरं काय ते सांग, आणि दुसरं कुणी मिळेपर्यंत माझं जुनं वाजव. माझी परवानगी आहे. मग पदर सारखा करून ताठ बसल्या. "आता एक सूचना द्यायची आहे. यंत्र सुरू कर. कपाटात नको, इथेच बोलते. ही वाजवायची वेळ येईल तेव्हा रस्त्यावर गलका असणारच आहे."

मी उठून पंखा बंद करायला गेले. त्यांनी हातानं नको म्हटलं.

"रहिवासी मंडळी, लक्ष द्या. हा आवाज ज्या बाईंचा आहे, त्या बाई घरातून गेल्या आहेत. केस पांढरे, अंगानं बारीक, उजव्या गालावर तीळ. त्या दिसल्या तर घाबरवू नका. ओरडू नका. बाई, तुम्ही मला ओळखलंत का, असं विचारू नका. त्या गिरणीच्या गल्लीत जायचंय म्हणतील. ती गल्ली इथे नाही. वाद घालू नका, हो म्हणा. त्यांना टाकीमागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आणून सोडा. तिथे त्यांच्या धाकट्या जाऊबाई राहतात. त्या तोंडानं फटकळ आहेत, पण दार उघडतील."

समोर कागद नव्हता. कुठे अडल्या नाहीत, काही चुकलं नाही. मग त्यांनी जरा श्वास घेतला आणि त्यांच्या रिवाजाप्रमाणे ठिकाण शेवटी परत सांगितलं.

"टाकीमागची गल्ली. दुसरा मजला. धाकट्या बहिणीचं घर."

भोंगेवाल्यानं यंत्र बंद केलं. जाऊबाई उठून चहा टाकायला आत गेल्या. तो दारात माझ्याजवळ येऊन उभा राहिला. जाऊबाईंना तीन भाऊ आहेत, बहीण नाही, हे त्यालाही माहीत होतं.

"धाकट्या बाई, शेवटचं चुकलंय," तो हळूच म्हणाला. "वरचं 'जाऊबाई' तिथे आणून जोडू?"

चुकलं होतं की मुद्दाम म्हटलं होतं, मला कळलं नाही. मी त्यांना कधी विचारलंही नाही.

"त्याला हात लावशील तर बघ," मी म्हटलं.